धावड्याचे ऊन, मालवणचे पाणी

धावडा हे जालना जिल्ह्यातल्या भोकरदन तालुक्याचे गाव. अजिंठ्याच्या डोंगररांगेजवळ, बुलढाणा जिल्ह्याच्या हद्दीलगत. कापूस, मका, सोयाबीन आणि मिरची ही या भागाची पिके. आमच्याकडे पाणी म्हणजे विहीर. ऊन मात्र अल्लाहने भरभरून दिले आहे. मे महिन्यात पारा चाळिसाच्या वर जातो. ज्या उन्हाने विहिरी आटतात, त्याच उन्हावर आता शिवारात सौर पंप चालताना दिसतात.

अशा गावातली मुले पोहायला शिकतात ती विहिरीतच. कमरेला सुका भोपळा नाहीतर रिकामा डबा बांधायचा आणि काठावरून मोठ्यांनी ढकलून द्यायचे. पुढे ज्याला तळाची माती मुठीत घेऊन वर येता येते तो पट्टीचा पोहणारा. आमचा भाचा त्यातलाच एक. विहिरीवरून तो थेट समुद्रावर गेला. स्कुबा डायव्हिंगचे दोन अभ्यासक्रम पुरे करून तो आता मालवणला हंगामाच्या दिवसांत एका केंद्रात मदतनीस म्हणून काम करतो. स्कुबा म्हणजे हवेची टाकी पाठीला बांधून पाण्याखाली श्वास घेत फिरणे. पहिल्या अभ्यासक्रमानंतर अठरा मीटरपर्यंत जाण्याची मुभा मिळते. अठरा मीटर म्हणजे साठ फूट, आमच्याकडच्या एखाद्या खोल विहिरीएवढे. दुसऱ्या अभ्यासक्रमानंतर ही मर्यादा तीस मीटर होते.

या भाच्याने आईला, म्हणजे आमच्या आपांना, फोनवर एका घड्याळाचे चित्र पाठवले. ते साधे घड्याळ नव्हते. मनगटावर बांधायचा, पाण्याखाली हिशेब करणारा, उन्हावर चार्ज होणारा तो एक छोटा कॉम्प्युटर होता. किंमत पन्नास हजारांच्या पुढे. आपांनी मिरचीच्या दोन हंगामांत जपून ठेवलेले पैसे जवळजवळ तेवढेच होते. आपा आम्हाला म्हणाल्या, "तुम्ही शाळेत मुलांना शिकवता. तुम्हीच बघून सांगा, ही गरज आहे की हौस? इसराफ तर होत नाही ना?"

प्रश्न पैशाचा होता आणि मुलाच्या जिवाचाही. म्हणून दिवाळीच्या सुट्टीत आम्ही नवरा-बायको आपांना बरोबर घेऊन मालवणला निघालो.

घाटाखाली

धावडा ते मालवण हा रस्ता सातशे किलोमीटरहून जास्त आहे. छत्रपती संभाजीनगर, पुणे, कोल्हापूर आणि मग फोंडा घाट उतरून कणकवलीमार्गे मालवण. घाट उतरताना आपांच्या कानात दडे बसले. भाच्याला फोनवर सांगितले तर तो हसून म्हणाला, "अम्मी, पाण्यात दोन-तीन मीटर गेले तरी असेच होते. नाक दाबून हळूच फुंकर मारायची, कान मोकळे होतात." हवेचा आणि पाण्याचा दाब ही काय चीज आहे, याचा पहिला धडा आम्हाला घाटातच मिळाला.

मालवणच्या किनाऱ्यावरून समोर सिंधुदुर्ग किल्ला दिसतो. शिवाजी महाराजांनी १६६४ मध्ये कुरटे बेटावर त्याचे बांधकाम सुरू केले. त्यांच्या आरमारात दौलतखानासारखे सरदार होते, हे आपल्या मुलांना सांगण्यासारखे आहे. किल्ल्याच्या आसपासचा समुद्र १९८७ मध्ये सागरी अभयारण्य म्हणून जाहीर झाला. सुमारे २९ चौरस किलोमीटरच्या या पट्ट्यात प्रवाळ आहेत, रंगीत मासे आहेत. सूरह रहमानमध्ये मोती आणि पोवळे यांचा उल्लेख आपण लहानपणापासून ऐकत आलो. पोवळे ज्या प्रवाळांच्या कुळातले, ते प्रवाळ आपल्याच महाराष्ट्रात, आपल्या पायाखालच्या पाण्यात आहेत, याची मात्र आपल्यापैकी किती जणांना कल्पना असते?

जवळच तारकर्लीला महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाची स्कुबा प्रशिक्षण संस्था आहे. नौदलातून निवृत्त झालेली 'गुलदार' ही नौका निवतीजवळ समुद्राच्या तळाशी ठेवून तिथे पाण्याखालचे संग्रहालय करण्याचा प्रकल्पही राज्याने हाती घेतला आहे. म्हणजे पाण्यात उतरणाऱ्या शिकलेल्या हातांना इथे काम आहे. हंगाम साधारण ऑक्टोबर ते मे. पावसाळ्यात समुद्र बंद.

पर्यटकांना फार खोल नेत नाहीत. आधी एक आरोग्याचा फॉर्म भरून घेतात. दमा आहे का, रक्तदाब आहे का, कानाचे ऑपरेशन झाले आहे का? आमच्यापैकी एकाला दमा असल्यामुळे ती व्यक्ती आपांसोबत बोटीवरच बसली. दुसऱ्याने अंगभर रबरी पोशाख चढवला आणि प्रशिक्षकाचा हात धरून पाण्यात उतरण्याचे ठरवले. हा पोशाख मनगटापासून घोट्यापर्यंत असतो. त्यामुळे सतर झाकण्याची काळजी असणाऱ्या भगिनींनाही अडचण येत नाही, फक्त त्यावर सैल कुर्ता घालायचा असेल आणि स्त्री प्रशिक्षक हवी असेल तर आधी बोलून घ्यावे. खाली बोलता येत नाही, सगळे खुणांनी. अंगठा वर केला की त्याचा अर्थ "छान" नव्हे, "वर चला" असा होतो!

प्रशिक्षकाच्या मनगटावर तसाच सौर कॉम्प्युटर होता. त्यावर तीन आकडे ठळक दिसत होते. खोली ७ मीटर, वेळ ११ मिनिटे आणि तिसरा आकडा ९९. हा तिसरा आकडा काय, हे वर आल्यावर त्यांनी समजावले, आणि आमच्या सगळ्या प्रश्नांची किल्ली तिथेच सापडली.

शरीरातला सोडा

समुद्रसपाटीला आपल्यावर हवेचा एक पट दाब असतो. समुद्रात दर दहा मीटरला तेवढाच दाब वाढत जातो. दहा मीटरवर दुप्पट, वीसवर तिप्पट, तीसवर चौपट. आपण श्वासात घेतो त्या हवेत सुमारे ७८ टक्के नायट्रोजन असतो. एरवी तो आत जातो तसा बाहेर येतो. पण दाब वाढला की तो रक्तात आणि मांसपेशींत विरघळू लागतो. जितके खोल आणि जितका जास्त वेळ, तितका जास्त.

गोटी सोड्याची बाटली आठवा. बंद असते तोवर आतला वायू दिसत नाही. गोटी आत ढकलली की एकदम फेस. पाणबुड्या खोलवरून घाईने वर आला तर त्याच्या शरीरात असेच बुडबुडे होतात. सांधे दुखतात, अंगावर चट्टे येतात, मज्जारज्जूला इजा होऊन पाय लुळे पडू शकतात, जीवही जाऊ शकतो. यावर उपाय म्हणजे दाबकक्षातले उपचार, आणि दाबकक्ष काही प्रत्येक तालुक्याला नसतो.

हा हिशेब शास्त्रशुद्ध मांडण्याचे श्रेय जॉन स्कॉट हाल्डेन या ब्रिटिश शास्त्रज्ञाला जाते. त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शेळ्यांवर प्रयोग करून १९०८ मध्ये नौदलासाठी तक्ते प्रसिद्ध केले. शरीराचे सगळे भाग सारख्या वेगाने वायू शोषत नाहीत, ही त्यामागची कल्पना. आपल्या भगिनींना हे लगेच समजेल. मूग आणि छोले एकाच वेळी भिजत घातले तर मूग लवकर फुगतात, छोल्यांना रात्र लागते. तसेच रक्त लवकर "भिजते", सांधे आणि चरबी सावकाश. पुढे झुरिकचे डॉक्टर आल्बर्ट ब्यूलमान यांनी असे सोळा गट मानून गणित मांडले. आजच्या पुष्कळशा डाइव्ह कॉम्प्युटरमध्ये त्याच गणिताची सुधारलेली रूपे असतात. १९८३ मध्ये 'ऑर्का एज' नावाचा कॉम्प्युटर बाजारात आला आणि कागदी तक्त्यांचे काम यंत्र करू लागले.

तो तिसरा आकडा म्हणजे याच गणिताचे उत्तर. या खोलीवर अजून किती मिनिटे राहिलात तरी मध्ये लांब मुक्काम न करता वर येता येईल, हे तो सांगतो. सात मीटरवर तो ९९ होता, म्हणजे भरपूर वेळ. 'पॅडी' या प्रशिक्षण संस्थेच्या तक्त्यात दिवसाच्या पहिल्या बुडीसाठी अठरा मीटरवर ही मर्यादा ५६ मिनिटे आहे आणि तीस मीटरवर फक्त २० मिनिटे. तक्ता असे धरतो की तुम्ही सगळा वेळ सर्वांत खोल जागी होता. कॉम्प्युटर मात्र काही सेकंदांच्या अंतराने खोली मोजतो आणि खऱ्या बुडीचा हिशेब ठेवतो. दुसऱ्या बुडीच्या वेळी पहिलीचा उरलेला नायट्रोजनही तो विसरत नाही.

एकदाच पाण्यात उतरणाऱ्या पर्यटकाला याची गरज नाही, त्याच्यासाठी प्रशिक्षक असतो. पण जो मुलगा दिवसातून तीन-चार वेळा, महिनोन्‌महिने पाण्यात उतरणार आहे, त्याला स्वतःच्या मनगटावर हा हिशेब हवाच. दोघांत एक कॉम्प्युटर चालत नाही, कारण दोघांची खोली आणि वेळ कधीच तंतोतंत सारखी नसते. आपांच्या प्रश्नाचे अर्धे उत्तर मिळाले. कॉम्प्युटर ही हौस नव्हती.

उन्हाची किंमत

उरला प्रश्न उन्हाचा. सौर डाइव्ह कॉम्प्युटर मोजकेच आहेत. जपानी 'टुसा' कंपनीचा 'डीसी सोलर लिंक' हा एक. भाच्याला हवा होता तो 'गार्मिन'चा 'डिसेंट जी१ सोलर', २०२२ मध्ये आलेला. त्याच्या काचेखाली सौर पट्टी असते. हेच मॉडेल सौर पट्टीशिवायही निघाले. त्या वेळी अमेरिकेत साध्याची किंमत सुमारे ५५० डॉलर आणि सौरची ६५० डॉलर होती. म्हणजे उन्हाचे मोल शंभर डॉलर.

त्या शंभर डॉलरमध्ये काय मिळते? कंपनीच्या आकड्यांनुसार रोजच्या वापरात बॅटरी २१ दिवसांऐवजी सुमारे चार महिने पुरते. पण अट अशी की रोज तीन तास ५० हजार लक्स इतका उजेड मिळाला पाहिजे, म्हणजे मोकळ्या आभाळाखालचे लख्ख ऊन. वर्गातल्या ट्यूबलाइटखाली काही शे लक्सच मिळतात. पाण्याखालच्या वापरासाठी मात्र दोन्ही मॉडेलांना एकच आकडा दिला आहे, २५ तास. कारण उघड आहे. खाली जाऊ तसा उजेड झपाट्याने कमी होतो, मालवणचे पाणी अनेकदा गढूळ असते आणि पोशाखाची बाही पट्टीवर येते ती वेगळीच. सौर घड्याळ चार्ज होते ते बोटीवर आणि किनाऱ्यावर, पाण्यात नव्हे.

आम्ही वाळूतच बसून हिशेब केला. रोज पाऊण तासाच्या तीन बुड्या म्हणजे सव्वादोन तास. पंचवीस तासांची बॅटरी अकरा दिवस पुरली. आठवड्यातून एकदा खोलीवर चार्जर लावला तरी काम भागते. महिनाभर वीज नसलेल्या बेटावर राहणाऱ्याला ऊन मोलाचे, मालवणात ते सोयीचे आहे, गरजेचे नाही.

भाचा म्हणाला, "मामू, पण चार्ज करायला विसरलो तर?"

प्रशिक्षकांनीच त्याला उत्तर दिले, "जो चार्ज करायला विसरतो, तो टाकीतली हवा बघायलाही विसरेल. आधी ती सवय लाव."

मग निवडताना बघायचे काय? त्यांनी सांगितले ते असे.

पहिले, आकडे मोठे आणि ठळक हवेत. गढूळ पाण्यात, मुखवट्यातून, हात लांब धरून ते वाचता आले पाहिजेत.

दुसरे, तो खरोखर डाइव्ह कॉम्प्युटर आहे का ते तपासायचे. साध्या स्मार्टवॉचवर "५० मीटर वॉटर रेझिस्टंट" असे लिहिलेले असते, पण ते नायट्रोजनचा हिशेब करत नाही. खोली मोजणाऱ्या यंत्रांसाठी 'ईएन १३३१९' हे युरोपीय मानक आहे. ते आहे का, विचारावे.

तिसरे, वर येण्याचा वेग वाढला तर तो आवाजाने किंवा थरथरून इशारा देतो का, आणि हिशेब आणखी सावध ठेवण्याची सोय त्यात आहे का?

चौथे, बॅटरी. साध्या कॉम्प्युटरमध्ये नाण्याएवढी बॅटरी असते आणि काही मॉडेलांत ती स्वतःला बदलता येते. झाकणाखालची रबरी कडी स्वच्छ नसली किंवा नीट बसली नाही तर पाणी आत शिरते. चार्ज होणाऱ्या यंत्रात ही भीती कमी, पण त्याची बॅटरी थकली की ते कंपनीच्या सेवा केंद्रात पाठवावे लागते. धावड्यासारख्या गावी राहणाऱ्याने हेही विचारात घ्यावे.

ऊन पाचव्या क्रमांकावर आले. दोनशे-अडीचशे डॉलरच्या आसपास मिळणारे साधे कॉम्प्युटरही पहिल्या चार कसोट्यांना उतरतात.

वापरण्याची शिस्त

यंत्र कोणतेही असो, वापरणाऱ्याची शिस्त एकच. वर येताना मिनिटाला नऊ मीटरपेक्षा जास्त वेग नको. पाच मीटरवर तीन मिनिटे थांबायचे. सगळ्यांत खोल बुडी दिवसात पहिली मारावी. एका दिवसात मधेच दुसऱ्याचा कॉम्प्युटर बांधायचा नाही, कारण त्याला तुमच्या सकाळच्या बुड्या ठाऊक नसतात. बुडी झाली की यंत्र गोड्या पाण्याने धुवायचे. सौर असले तरी मोटारीच्या तापलेल्या काचेमागे किंवा मे महिन्यात पत्र्यावर ठेवायचे नाही. उष्णतेने बॅटरी लवकर मरते. पावसाळ्यात पेटीत ठेवताना बॅटरी पूर्ण रिकामी होऊ द्यायची नाही.

आमच्यासारख्या घाटावरच्या लोकांसाठी एक गोष्ट फार महत्त्वाची. बुडीनंतर लगेच विमानात बसू नये, एका बुडीनंतर किमान बारा तास आणि अनेक बुड्यांनंतर अठरा तास थांबावे, असा नियम आहे. उंचावर हवेचा दाब कमी होतो आणि शरीरात उरलेल्या नायट्रोजनचे बुडबुडे होऊ शकतात. विमानाचे कोणीही सांगेल, घाटाचे फारसे कोणी सांगत नाही. फोंडा, गगनबावडा, आंबोली, कोणताही घाट चढा, माथा सहाशे-सातशे मीटरच्या घरात आहे. तीनशे मीटरच्या वरच्या पाण्यात बुडी मारायची तर पाणबुड्यांचे तक्ते वेगळे लावावे लागतात. विमानाइतका धोका नाही, पण तीन-चार खोल बुड्या मारून त्याच संध्याकाळी कोल्हापूरची गाडी धरणे शहाणपणाचे नाही. भाच्याच्या केंद्रात रीतच आहे की शेवटच्या बुडीनंतर त्या दिवशी घाट चढायचा नाही. आमची बुडी उथळ आणि एकच होती, तरीही आम्ही रात्री मालवणलाच मुक्काम केला.

रोज्यांचेही तसेच. शरीरात पाणी कमी असणे हे या त्रासाच्या कारणांपैकी एक मानले जाते. भाच्याने केंद्रचालकांशी आधीच बोलून रमजानमध्ये बोटीवरचे आणि टाक्या भरण्याचे काम मागून घेतले आहे. त्यांनीही ते आनंदाने दिले.

घड्याळात नसलेले

मालवणहून निघण्याआधी आपांनी एकच गोष्ट पुन्हा विचारली, "हे बांधले म्हणजे माझा मुलगा सुखरूप राहील ना?"

याचे खरे उत्तर "नाही" असेच आहे. पाण्याखाली श्वास कधी रोखून धरायचा नाही, हा स्कुबाचा पहिला नियम. दहा मीटरवर छातीत भरलेली हवा वर येईपर्यंत दुप्पट जागा मागते. श्वास रोखला तर फुप्फुस फाटू शकते. विहिरीत पोहणाऱ्याची सवय नेमकी उलटी असते. तो श्वास रोखूनच जातो आणि त्याला ते चालते, कारण त्याने हवा वरच घेतलेली असते. ही जुनी सवय कोणतेही घड्याळ मोडू शकत नाही, ती शिक्षणानेच मोडते. आणि कित्येकदा धोका खोल पाण्यात नसतोच. २४ मे २०२२ रोजी तारकर्लीजवळ पर्यटकांची बोट उलटून दोघांचा मृत्यू झाला. तिथे नायट्रोजनचा काही संबंध नव्हता. बोटीत किती माणसे, हवामान कसे, प्रत्येकाच्या अंगात लाइफ जॅकेट आहे की नाही, हे कॉम्प्युटर सांगत नाही.

आधी उंट बांधावा, मग तवक्कुल करावा, हे आपण मुलांना शिकवतो. इथे उंट बांधायचा दोर एक नव्हे, अनेक पदरांचा आहे. शिक्षण, सोबती, टाकीतली हवा, हवामान आणि त्यांतच एक पदर मनगटावरचा.

शेवटी भाच्यानेच ठरवले. त्याने मोठ्या आकड्यांचा, स्वतः बॅटरी बदलता येणारा साधा कॉम्प्युटर घेतला. उरलेल्या पैशांतून रेस्क्यू डायव्हरच्या अभ्यासक्रमात नाव घातले. त्यात स्वतःबरोबर दुसऱ्याला पाण्यातून वाचवायचे शिकवतात. आपांनी पैसे मोजून दिले तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर काळजी होतीच, पण मिरचीचे पैसे वाया गेले असे त्यांना वाटत नव्हते.

आपल्या घरातला मुलगा किंवा मुलगी या वाटेने जायचे म्हणत असेल तर समुद्र दूर आहे म्हणून नाही म्हणू नका. फक्त प्रमाणपत्र कोणत्या संस्थेचे, ते विचारा. एका प्रशिक्षकामागे किती जण पाण्यात उतरतात, तेही विचारा. संकट आले तर जवळचा दाबकक्ष कुठे आणि तिथे पोहोचायला किती वेळ लागतो, हेही विचारून घ्या. ही तीन उत्तरे मिळाली की मग घड्याळाच्या दुकानात जा.